नॉर्वेजियनचे लांबलचक शब्द फोडायचे कसे? शेवटाकडून धरा

नॉर्वेजियन शिकायला घेतली की सुरुवातीला बरं वाटतं. क्रियापद माणसाप्रमाणं बदलत नाही, मी जातो तू जातोस ते जातात सगळ्याला एकच रूप, त्यामुळं पोरं खुश असतात. आणि मग एखाद्या दिवशी अर्धी ओळ खाणारा शब्द समोर येतो, मध्ये कुठं जागा नाही, कुठं रेघ नाही, डिक्शनरीत टाकला तर काहीच येत नाही, आणि तिथं बरेच जण हात टेकतात.

लातूर, नांदेड, परभणीकडं नर्सिंग झालेली, आयटीआय किंवा इंजिनिअरिंग केलेली पोरं-पोरी सध्या जर्मनच्या क्लासला जायलेत, त्यातला एखाद-दुसरा नॉर्वेजियनकडं वळतो, आणि विचारलं की तक्रार हीच असते. त्यांच्यासाठी हे लिहायलोय. डिक्शनरीत सापडत नाही कारण तो शब्द डिक्शनरीत नसतोच, बोलणाऱ्यानं गरजेप्रमाणं तिथल्या तिथं जोडलेला असतो, दोन चार नेहमीचे शब्द एकामागं एक लावून. म्हणून पाठ करायच्या भानगडीत पडायचं नाही, फोडायला शिकायचं. आणि हे काम आपण शाळेत केलेलं आहे, दहावीच्या मराठीच्या पेपरात समासाचा विग्रह करा म्हणून प्रश्न असायचा ना, तेच.

आधी एक सांगून ठेवतो. मी नॉर्वेजियन शब्द देवनागरीत लिहितोय, साधारण ऑस्लोकडच्या उच्चाराप्रमाणं, आणि जिथं स्पेलिंगचा मुद्दा आहे तिथं अक्षरं वेगळी सांगीन. त्यांचा जे म्हणजे आपला य, ओ चा कित्येकदा ऊ होतो, म्हणजे पुस्तकाला ते बूक म्हणतात आणि शाळेला स्कूले, शेवटचा डी बऱ्याच वेळा गिळून टाकतात. तिरकी रेघ मारलेला एक ओ आहे त्याला आपल्याकडं अक्षर नाही, ओठ ओ सारखे गोल ठेवायचे आणि आतून ए म्हणायचं, मी तिथं नुसता ओ लिहिलाय.

आता मेन गोष्ट. फार म्हणजे वडील, मूर म्हणजे आई. मग फारमूर कोण? डावीकडून वाचलं की डोक्यात आधी वडील येतात आणि घोळ होतो. उजवीकडून बघा, शेवटी मूर आहे, म्हणजे ही बाई कुणाची तरी आई आहे. कुणाची? फारची. वडिलांची आई. आता मूरफार, शेवटी फार म्हणजे हे कुणाचे तरी वडील, आईचे वडील. मूरमूर आईची आई, फारफार वडिलांचे वडील. आपण दोन्हीकडच्या आज्जीला आज्जीच म्हणतो पण काका-मामा वेगळे ठेवतो, त्यांच्याकडं आजी-आजोबा चार वेगळे आणि काका-मामाला फारब्रूर, मूरब्रूर असे जुने शब्द आहेत खरे पण रोजच्या बोलण्यात दोघांनाही उंकेल. सांगायचा मुद्दा असा की शेवटचा तुकडा सांगतो वस्तू कोणती, आणि त्याच्या आधीचं सगळं फक्त सांगतं कुणाची, कसली, कशासाठी. आपल्या व्याकरणाच्या भाषेत हा सरळ तत्पुरुष समास, उत्तरपद प्रधान.

हे एकदा डोक्यात बसलं की मराठी माणसाला पुढचे किती तरी शब्द ओळखीचेच वाटायला लागतात. लहान मुलाला बाण म्हणतात (स्पेलिंगमध्ये आर आणि एन आहे, पण ऑस्लोकडं दोन्ही मिळून चक्क आपला ण होतो), हागे म्हणजे बाग, मधे एक ई (उच्चार ए), झाला बाणेहागे, म्हणजे बालवाडी. वाडी म्हणजे सुद्धा बागच की. यॅण म्हणजे लोखंड, बाने म्हणजे मार्ग, यॅणबाने म्हणजे लोहमार्ग, रेल्वे. तान्न दात, लेगे डॉक्टर, तान्नलेगे दंतवैद्य. सीक म्हणजे आजारी, हूस म्हणजे घर, सीकेहूस म्हणजे रुग्णालय, आणि नर्सिंगवाल्यांनी पहिल्या दिवशी शिकायचा शब्द सीकेप्लॅयेर, आजाऱ्याची काळजी घेणारा किंवा घेणारी, म्हणजे नर्स. फ्लीप्लास विमानाची जागा, विमानतळ, पण ऑस्लोच्या विमानतळाच्या अधिकृत नावात लुफ्तहाव्न आहे, हवेचं बंदर. त्यांची दुसरी लेखी भाषा आहे नीनोर्स्क नावाची, तिच्यात हॉस्पिटलला शूकेहूस लिहितात, पण जोडायची पद्धत तीच, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

शेवटच्या तुकड्याचा दुसरा फायदा व्याकरणाचा आहे आणि हा फायदा मार्क मिळवून देतो. नॉर्वेजियनमध्ये नामाला लिंग असतं, ते नामाच्या आधी लागणाऱ्या एन, एइ किंवा एत या शब्दावरून कळतं. सामासिक शब्दाचं लिंग शेवटचा तुकडा ठरवतो, आधीच्यांचं लिंग तिथं संपलं. बाण हा शब्द एत वाला आहे, हागे एन वाला, तर बालवाडी एन बाणेहागे. हूस एत वाला म्हणून एत सीकेहूस. आपल्याकडं सुद्धा बालवाडी ती का, तर वाडी ती. अनेकवचन पण तसंच. पुस्तक बूक, पुस्तकं बोकेर, असा आतला स्वर बदलतो, तर पाकिटाला लूम्मेबूक म्हणतात, खिशातलं पुस्तक, त्याचं अनेकवचन लूम्मेबोकेर. हूस चं अनेकवचन हूसच राहतं, म्हणून एक सीकेहूस, दोन सीकेहूस. आणि "तो विमानतळ" म्हणायला वेगळा शब्द पुढं लावत नाहीत, शेवटी एन चिकटवतात, फ्लीप्लासेन, जसं आपण विमानतळावर म्हणताना प्रत्यय शेवटी चिकटवतो. तेव्हा फोडायच्या आधी शेवटचा प्रत्यय बाजूला काढायचा, एन, एत, एर, एने यातलं काही लटकलंय का बघायचं, मग खरा शेवटचा तुकडा दिसतो.

थोडे अपवाद आहेत. लाल गळ्याचा एक छोटा पक्षी असतो, त्याचं नाव रोस्त्रूपे, लाल गळा. पक्षी म्हणजे गळा नव्हे, लाल आहे गळा ज्याचा असा तो, म्हणजे बहुव्रीही. पण लिंग मात्र तरीही गळ्याचंच. सोरवेस्त म्हणजे दक्षिण-पश्चिम, द्वंद्व म्हणा हवं तर. असे थोडे सोडले तर नव्वद टक्के काम तत्पुरुषावर चालतं असं समजून चला.

आता चिकट्याबद्दल, म्हणजे दोन तुकड्यांच्या मधे जो एस किंवा ई येतो त्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो आणि यावरच मला जास्त बोलायचंय.

काही शब्द नुसते शेजारी ठेवले की जुळतात, लोव म्हणजे कायदा, लोवबूक कायद्याचं पुस्तक. काहींच्या मधे ई येतो, बाणेहागे, सीकेहूस, हेस्तेस्कू म्हणजे घोड्याचा नाल, यूलेत्रे म्हणजे नाताळचं झाड. आणि काहींच्या मधे एस येतो, आर्बाइड म्हणजे काम आणि प्लास म्हणजे जागा, मिळून आर्बाइड्सप्लास. या एस ला स्वतःचा अर्थ नाही, तो विभक्तीचा नाही, अनेकवचनाचा तर अजिबात नाही (इंग्रजीच्या सवयीनं आपण लगेच अनेकवचन समजतो), तो फक्त सांधा आहे. फोडताना तो नेहमी डावीकडच्या तुकड्याबरोबर जातो.

कधी येतो याचा शंभर टक्के नियम नाही पण दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर बहुतेक ठिकाणी भागतं.

पहिली, डावीकडचा शब्द हेत, दोम, स्काप, इंग, शून, तेत असल्या प्रत्ययानं संपत असेल तर एस येतो असं धरून चला. आपल्या भाषेत जसं पणा, त्व, ता लावून भाववाचक नाम होतं तसले हे बहुतेक. उंगदोम म्हणजे तरुणाई, शाळा स्कूले, मिळून उंगदोम्सस्कूले, आठवी ते दहावीची शाळा. इथं लिहिताना दोन एस येतात, एक सांध्याचा, एक स्कूलेचा स्वतःचा, आणि दोन्ही लिहायचे. फोर्सिक्रिंग म्हणजे विमा, सेल्स्काप म्हणजे कंपनी, फोर्सिक्रिंग्ससेल्स्काप विमा कंपनी, परत दोन एस. श्यॅर्लिहेत म्हणजे प्रेम, सोर्ग म्हणजे दुःख, श्यॅर्लिहेत्ससोर्ग म्हणजे प्रेमभंगाचं दुःख, तिथंही दोन.

दुसरी गोष्ट जास्त मजेदार. डावीकडचा शब्द एकटा असेल तर एस नाही, पण तोच शब्द आधीच जोडून आलेला असेल तर बऱ्याचदा एस लागतो. वाइनच्या ग्लासला वीनग्लास, मधे काही नाही. पण रेड वाइनच्या ग्लासला रोवीन्सग्लास, एस आला. लोवबूक मध्ये एस नव्हता, पण ग्रुन्नलोव म्हणजे पायाचा कायदा, राज्यघटना, तिचा दिवस म्हणजे ग्रुन्नलोव्सदाग, तिथं एस आला. १७ मे १८१४ ला आइद्सवोल्ल गावात त्यांच्या घटनेवर सह्या झाल्या, म्हणून १७ मे हा तो दिवस. नात्त म्हणजे रात्र आणि तोग म्हणजे रेल्वेगाडी, रात्रीच्या गाडीत एस नाही, पण मीदनात्त म्हणजे मध्यरात्र आणि सूल म्हणजे सूर्य, उन्हाळ्यात उत्तरेकडं मध्यरात्री सुद्धा न मावळणारा तो सूर्य मीदनात्तस्सूल, दोन एस सकट. हा एस खरं तर आपल्याला मदतच करतो, तो सांगतो की इथपर्यंतचं सगळं आधी एकत्र वाचा, मोठी फट इथं आहे. रोवीन्सग्लास मध्ये पहिला घाव एस नंतर, म्हणजे रेड वाइनचा ग्लास, वाइनचा लाल ग्लास नव्हे.

ई ने संपणाऱ्या शब्दाला सहसा काही लागत नाही. पण लीक्के म्हणजे नशीब, सुख, याला एस नको असतो, आणि उलीक्के म्हणजे अपघात, त्याला मात्र हवा असतो, उलीक्केसफोर्सिक्रिंग म्हणजे अपघात विमा. असले चार दोन शब्द जसे भेटतील तसे लक्षात ठेवायचे, दुसरा इलाज नाही.

हे सगळं एकाच शब्दात बघायचं असेल तर नॉर्वेजियनमध्ये लांब शब्दाचं उदाहरण म्हणून एक शब्द नेहमी दिला जातो, रोमन लिपीत साठ अक्षरांचा. मिनोरितेत्सलादनिंग्सबॅरेरदिफुशूनस्कोएफिसिएन्तमोलिंग्सआपारातूर. बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स केलेल्यांनी घाबरू नका, हे तुमच्याच सेमीकंडक्टरच्या चॅप्टरातलं आहे. शेवटाकडून चला. आपारातूर, उपकरण. कसलं? मोलिंग्स, मोजमापाचं, मोलिंग अधिक एस. कशाचं मोजमाप? कोएफिसिएन्त, गुणांकाचं. कसला गुणांक? दिफुशूनचा, विसरणाचा, अधिक एस. कुणाचं विसरण? बॅरेर, वाहकाचं. कसला वाहक? लादनिंग्स, प्रभाराचा, अधिक एस. कुठला प्रभारवाहक? मिनोरितेत, अल्पसंख्य, अधिक एस. म्हणजे अल्पसंख्य प्रभारवाहकांचा विसरण गुणांक मोजायचं उपकरण. आणि बघा एस कुठं कुठं आला, तेत नंतर, इंग नंतर, शून नंतर, परत इंग नंतर. बॅरेर आणि कोएफिसिएन्त या प्रत्ययांचे नाहीत, तिथं नाही आला. नियम तिथल्या तिथं दिसतो. हा शब्द कुणी रोज बोलत नाही, पण एकदा हातानं वहीत फोडून बघा, नंतर सरकारी पत्रातला कुठलाही शब्द जड वाटत नाही.

तीन सारखी अक्षरं आली तर? इथं त्यांचा एक नियम आहे जो माहीत नसेल तर फोडणं जमतच नाही. डावा शब्द डबल व्यंजनानं संपतो आणि उजवा त्याच व्यंजनानं सुरू होतो, तर तीन लिहीत नाहीत, दोनच लिहितात. नात्त मध्ये डबल टी, तोग चा एक टी, लिहायचं दोन टी नं, नात्तोग. बुस्स आणि स्तोप्प, बस स्टॉप, मधे दोनच एस. फूतबाल्ल आणि लान्सलाग, फुटबॉलची राष्ट्रीय टीम, मधे दोनच एल. विल्ल म्हणजे रानटी आणि लाक्स म्हणजे सामन मासा, विल्लाक्स, दोनच एल. म्हणून एखादा तुकडा फोडल्यावर दुसरा तुकडा एका अक्षरानं अपुरा वाटला, "आक्स" कसला शब्द आहे असं वाटलं, तर डबल व्यंजनातलं एक उजवीकडं उधार द्या, डावीकडचे दोन तसेच ठेवा. गिळलेलं अक्षर परत येतं.

पण हे फक्त डबल अधिक एक असेल तेव्हाच. आपल्या उसाला सुक्केररोर म्हणतात, साखरेची नळी. सुक्केर एका आर नं संपतो, रोर एका आर नं सुरू होतो, एकूण दोन, दोन्ही लिहायचे. आणि वरच्या मीदनात्तस्सूल मधले दोन एस पण दोनच आहेत, त्यातला कुठलाही खायचा नाही.

आता ओळ तोडायची वेळ. डीटीपी करणाऱ्यांना आणि परीक्षेत हातानं लिहिणाऱ्यांना हे लागतं. ओळ संपली आणि शब्द उरला तर छोटी रेघ देऊन उरलेला खाली न्यायचा, पण कुठं तोडायचा? सामासिक शब्द असेल तर तुकड्यांच्या सांध्यावर, बाणे-हागे, आर्बाइड्स-प्लास, एस वर राहतो. शब्द साधा असेल तर एक व्यंजन खाली न्यायचं, बाकीची वर. काके म्हणजे केक, का-के. कास्ते म्हणजे फेकणे, कास-ते. होप्पे म्हणजे उडी मारणे, होप-पे. बस एवढंच. अवघड असं काही नाही, फक्त क्रम सोडायचा नाही, आधी सांधा आहे का बघायचं, सांधा नसेल तरच व्यंजनाचा नियम.

क्रम सोडला की काय होतं बघा. ताक म्हणजे छप्पर, स्ताइन म्हणजे दगड, ताकस्ताइन म्हणजे कौल. आंधळेपणानं एक व्यंजन खाली नेलं तर ताकस-ताइन होतं, आणि वाचणारा अडखळतो, वर ताकस्त नावाचा भाड्या-दराचा एक वेगळा शब्द आहे, त्यात तो अडकतो. बरोबर तोड ताक-स्ताइन. आणि वर जे तिसरं अक्षर खाल्लं होतं ते ओळ तोडताना परत लिहायचं. नात्तोग एका ओळीत दोन टी, पण तोडला तर वर नात्त दोन टी सकट, रेघ, खाली तोग त्याच्या टी सकट. विल्लाक्स तोडताना वर विल्ल, खाली लाक्स. कॉम्प्युटरला सांधा ओळखता आला नाही तर तो वर एकच एल ठेवू शकतो, आणि विल हा वेगळाच शब्द आहे, पाहिजे असणे या अर्थाचा. म्हणून नॉर्वेजियन मजकूर सेट करायचं काम आलं तर सॉफ्टवेअरच्या तोडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तीन अक्षरांच्या जागा एकदा हातानं तपासा.

सुरुवात सारखी दिसते म्हणून फसवणारे शब्द पण आहेत. बील म्हणजे कार, बिल्दे म्हणजे चित्र. बी, आय, एल, डी, ई, ही पाच अक्षरं लिहिली की पुढं काय येणार ते सांगता येत नाही. बूक आलं तर बिल्देबूक, चित्रांचं पुस्तक. पण डबल के आलं तर बीलदेक्क, गाडीचं टायर. डावीकडून वाचणारा बिल्दे वर थांबतो आणि उरलेल्या डबल के चं काय करावं कळत नाही. उजवीकडून आलात तर देक्क लगेच दिसतो.

आता कान. प्रत्येक स्वराला एक सिलॅबल, आणि आपल्याला जिथं दोन स्वर दिसतात ते एइ, ओय, आउ जोडीनं आले तर एकच सिलॅबल. जोर असलेल्या सिलॅबलमध्ये एक तर स्वर लांब असतो नाही तर त्यानंतरचं व्यंजन लांब असतं, दोन्ही एकदम नाही. एक के असेल तर स्वर ओढायचा, ताऽक म्हणजे छप्पर. दोन के असतील तर स्वर तोडून व्यंजनावर दाबायचं, ताक्क म्हणजे थँक्यू. मराठीत आपण स्वराची लांबी लिहिण्यात पाळतो पण बोलण्यात सैल सोडतो, तिथं सैल सोडून चालत नाही, आभाराच्या कार्डाला ताक्केकोट म्हणायचं, ताके म्हटलं तर छपराचं काहीतरी वाटतं.

जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर येतो आणि पूर्ण शब्दावर एकच सूर चढतो. ऐकताना हा फार उपयोगी पडतो. नॉश्कलॅरेर, नॉश्क वर एकच जोर, म्हणजे नॉर्वेजियन भाषा शिकवणारा मास्तर, मग तो लातूरचा का असेना. आणि नॉश्क लॅरेर, दोन्हीवर जोर, मधे जागा, म्हणजे नॉर्वे देशाचा मास्तर, मग तो गणित का शिकवत असेना. अर्थ वाचताना शेवटाकडून, जोर देताना सुरुवातीवर, हे दोन्ही एकदम सांभाळायचं. सुराची गोष्ट मोठी आहे, ती इथं उघडत नाही, फक्त एवढं ऐका की बोन्नेर एका सुरात म्हटलं तर शेतकरी आणि दुसऱ्या सुरात म्हटलं तर सोयाबीन-राजम्यासारखे दाणे.

उच्चारात एक ठिकाणी आपण इतरांपेक्षा पुढं आहोत आणि हे मला मनापासून आवडतं. ऑस्लो आणि पूर्वेकडं आर च्या मागं टी, डी, एन आला की दोन्ही मिळून ट, ड, ण होतो, आर आणि एस मिळून श. इंग्रज, फ्रेंच लोकांना हे ट ण काढायला घाम फुटतो, आपल्याला तोंडात तयार आहेत. पण हे सांध्यावर पण होतं, सॉम्मेर म्हणजे उन्हाळा, ती म्हणजे वेळ, बोलताना सॉम्मेटी. म्हणजे सांधा डोळ्याला दिसतो पण कानाला आर आणि टी च्या मधला सांधा सापडत नाही, दोन्ही एका ट मध्ये विरघळले. तेव्हा नुसतं ऐकून लिहिताना ट, ण, श आला की मागं एक आर लपलाय का हा प्रश्न स्वतःला विचारायचा. बर्गन, स्ताव्हांगर बाजूला आर घशातून काढतात, तिथं हे होत नाही, सांधा स्वच्छ ऐकू येतो.

लिहिताना मात्र सगळ्यात मोठी चूक म्हणजे मधे जागा सोडणे. मराठीत आपण पाणीपुरवठा जोडून लिहिलं काय तोडून लिहिलं काय, कुणी अडत नाही. नॉर्वेजियनमध्ये अर्थच बदलतो, आणि तिथले लोक सुद्धा ही चूक करतात, इंग्रजीच्या सवयीमुळं असं बरेच जण म्हणतात, आणि त्यावर तिथं कायम चर्चा चालू असते. रोय्कफ्रित्त जोडून लिहिलं तर धूम्रपान बंदी असलेली जागा, तोडून रोय्क फ्रित्त लिहिलं तर खुशाल सिगारेट ओढा. आनानासबीतेर जोडून म्हणजे अननसाचे तुकडे, तोडून आनानास बीतेर म्हणजे अननस चावतो. लाम्मेलोर जोडून म्हणजे कोकराच्या मांडीचं मटण, तोडून लाम्मे लोर म्हणजे लुळ्या पडलेल्या मांड्या. हॉस्पिटलमध्ये काम करायला जाणाऱ्यानं हे शेवटचं तर नक्की लक्षात ठेवावं. शंका आली तर मोठ्यानं म्हणून बघा, एकच जोर येतो का दोन? एकच आला तर जोडा.

छोटी रेघ ठराविक ठिकाणीच लागते. टीव्ही सारख्या आद्याक्षरांनंतर काही जोडायचं असेल तर रेघ. १७ मे ची मिरवणूक लिहिताना मे च्या पुढं रेघ देऊन तोग जोडतात (हो, मिरवणुकीलाही तोगच). आणि दोन शब्दांचा शेवट सारखा असेल तर पहिल्याचा शेवट गाळून तिथं रेघ, बसच्या वेळापत्रकावर सोन- ओ हेल्लिदागेर दिसतं, म्हणजे रविवार आणि सुट्टीचे दिवस, दाग दोन्हींचा मिळून एकदाच. ती लटकती रेघ दिसली की पुढच्या शब्दाचं शेपूट आणून तिथं लावायचं.

डिक्शनरी वापरायची तर बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद स्प्रोकरोदे मिळून ऑनलाइन फुकट चालवतात, बूकमोल (त्यांची जास्त वापरातली लेखी भाषा) आणि नीनोर्स्क दोन्हींची, तीच वापरा. पूर्ण लांब शब्द टाकून वेळ घालवू नका, शेवटचा तुकडा टाका, लिंग आणि अनेकवचन तिथून घ्या, मग त्याच्या आधीचा टाका. ऐकून शिकायचं असेल तर त्रोन्हाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स पण फुकट आहे.

आणि सराव आपल्या गावच्या गोष्टींवर करा, पुस्तकातले शब्द लवकर विसरतात. सोया अधिक बोन्ने, सोयाबोन्ने, सोयाबीन. प्रीस म्हणजे भाव. लातूरच्या मार्केट यार्डात ज्याची रोज चौकशी होते तो सोयाबोन्नेप्रीस, बोन्ने ई ने संपतो म्हणून मधे काही नाही. प्रीस एन वाला आहे म्हणून "तो भाव" म्हणायचं तर सोयाबोन्नेप्रीसेन. ओळ तोडायची झाली तर सोयाबोन्ने-प्रीसेन, मोठा सांधा तिथं आहे, सोया-बोन्नेप्रीसेन चुकीचं नाही पण वाचणाऱ्याला सोयाच्या दाण्याचा भाव ऐवजी दाण्याच्या भावाचा सोया वाटू शकतो. आता सुक्केररोर घ्या, त्याला प्रीस लावा, मग प्रीस च्या जागी फाब्रिक्क म्हणजे कारखाना लावून बघा, लिंग कोणतं झालं, मधे एस हवा का नको, ओळीच्या शेवटी कुठं तोडाल, हे वहीत लिहा आणि जोर पहिल्या सिलॅबलवर देऊन मोठ्यानं म्हणा.